चेन्नईला जाण्यास योग्य हवा

धायरीच्या शीतलछाया सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्या हिंमतरावांनी मार्चमधल्या एका रविवारी, सकाळचा चहा घेता घेता, चेन्नईला जाण्याचा प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला. ‘तत्त्वतः’ हा शब्द त्यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त होताना सोबत आणला होता. हिंमतराव तपासणी विभागात होते. एखादी गोष्ट तत्त्वतः मान्य झाली की ती लगेच करावी लागत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीला, द्वारकाबाईंना, ते ठाऊक नव्हतं. त्या उठून माळ्यावरची बॅग काढायला गेल्या.

प्रस्तावाचं मूळ आदल्या रात्रीच्या फोनात होतं. द्वारकाबाईंची थोरली बहीण, म्हणजे आनंदीआक्का, लग्न झाल्यापासून चेन्नईत. तिचा मुलगा दत्तप्रसाद बोलत होता.

“मावशी, आईचं विसरणं वाढलंय गं. गॅसवर दूध ठेवून विसरते ते सोड, काल मला बाबांच्या नावानं हाक मारली. तुझं नाव मात्र रोज काढते. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल त्यांनी ती ओळखतेय तोवर भेटून घ्या.”

“अहो, याच आठवड्यात जाऊ या,” बॅग खाली ठेवत द्वारकाबाई म्हणाल्या.

“मार्च चालू आहे,” हिंमतराव म्हणाले. “चेन्नईत आत्ता हवा कशी असेल, याचा विचार केलास?”

“तिथं आक्का आहे.”

“आक्का आहेच. मी हवेबद्दल बोलतोय.”

इथे एक खुलासा आवश्यक आहे. हिंमतराव मूळचे अकोल्याचे. अकोल्याच्या मे महिन्यात ते अनवाणी विटीदांडू खेळलेले आहेत. परंतु पुण्यात तीसेक वर्षं काढली की माणसाच्या त्वचेचं मूळ गाव बदलतं. आता पुण्यात चाळीस डिग्री झाली की हिंमतराव कपाळ पुसत म्हणत, “पण कोरडं आहे बघा.” आणि पुण्याबाहेर तीस डिग्री असली की म्हणत, “लोक राहतात कसे इथं?” चेन्नईत तर घाम वाळत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. जिथे घाम वाळत नाही तिथे पूर्वतयारीशिवाय जाणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटलं. म्हणून संध्याकाळी त्यांनी हा विषय मंडळापुढे ठेवला.

हे मंडळ म्हणजे सोसायटीचं ज्येष्ठ सहल मंडळ. घरातला कुठलाही निर्णय आधी मंडळापुढे ठेवायचा आणि मग तो घरात कळवायचा, अशी शीतलछायेतल्या निवृत्त पुरुषांची पद्धत होती. मंडळाची आजवरची सर्वांत लांबची सहल हडपसरपर्यंत झाली होती, तीही एका सभासदाच्या नातवाच्या मुंजीला. त्यामुळे चेन्नईचं नाव निघताच सभागृहात चैतन्य पसरलं. एकट्या जोडप्यानं कशाला, सगळेच जाऊ, समूह सवलतही मिळेल, असं एकमतानं ठरलं. द्वारकाबाईंची बहीण ‘प्रेक्षणीय स्थळे’ या सदराखाली समुद्रकिनाऱ्यानंतर घेण्यात आली.

अध्यक्ष सर्जेराव घसा खाकरून म्हणाले, “जाण्याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, कधी? यासाठी एक हवामान उपसमिती नेमावी असं मला वाटतं.”

“पण अध्यक्षसाहेब, तिची तब्येत...” मागच्या खुर्चीतून द्वारकाबाई म्हणाल्या.

“वहिनी, तब्येतीसाठीच तर हे चाललंय,” सर्जेराव म्हणाले. “आपल्या सगळ्यांच्या.”

उपसमितीनं मन लावून काम केलं, हे मान्य करायला हवं. प्रत्येक सभासदाच्या मोबाईलवर हवेचं वेगळं अॅप होतं आणि एकाचा अंदाज दुसऱ्याशी जुळत नव्हता. तेव्हा जो अंदाज सर्वांत वाईट असेल तो अधिकृत समजावा, असा ठराव झाला. त्या ठरावानुसार फेब्रुवारी ते मे लगेच बाद झाले. जून ते सप्टेंबर उकाडा कमी नसतो आणि शिवाय इकडे पावसात घर बंद ठेवलं तर भिंतींना ओल येते, म्हणून तेही बाद झाले. ऑक्टोबरबद्दल मोठी आशा होती. पण आपला पाऊस संपला की चेन्नईचा सुरू होतो, ही माहिती मिळताच सभेत नाराजी पसरली.

“हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं,” सर्जेराव म्हणाले. नोव्हेंबर, डिसेंबर वादळांच्या शक्यतेवर फेटाळले गेले.

उरला जानेवारी. चेन्नईत जानेवारीत गार वारा सुटतो, उकडत नाही, आकाश निरभ्र असतं. उपसमितीला दोष सापडेना. अखेर हिंमतरावच उभे राहिले.

“जानेवारीत पुण्यात थंडी असते. वर्षभर आपण तिची वाट बघतो. स्वेटर धुऊन ठेवतो, हुरडा ठरवतो. ती ऐन भरात असताना पुणं सोडून जायचं आणि तिकडे जाऊन चांगली हवा शोधायची, हे मला पटत नाही.”

ते कोणालाच पटलं नाही. थोडक्यात, जेव्हा चेन्नईची हवा वाईट तेव्हा जाता येत नव्हतं, आणि जेव्हा चांगली तेव्हा पुण्याची त्याहून चांगली होती. वर्ष पुढे ढकलण्यात आलं.

दत्तप्रसादचे फोन दर रविवारी येत. आक्काला आता वार कळेनासे झाले होते. मग घराचा जिना अनोळखी वाटू लागला. पण फोनवर द्वारकाबाईंचा आवाज आला की ती खुलायची. “द्वारकी, गच्चीवर पाणी शिंपडलंस का गं? गाद्या टाकायच्या आहेत,” असं विचारायची. त्यांचं माहेरही अकोल्याचंच; तिथल्या उन्हाळ्यात दोघी बहिणी गच्चीवर झोपायच्या, तिथे ती जाऊन बसली होती. द्वारकाबाई म्हणायच्या, “शिंपडलं आक्का.” फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. हिंमतरावांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी उपसमितीला कामाला गती देण्याची विनंती केली.

समोरच्या दारातल्या नूरबानू भवानी पेठेतून इकडे राहायला आलेल्या. त्यांनी एकदा द्वारकाबाईंना गॅलरीत गाठलं.

“द्वारकाताई, एक विचारू? तुमच्या सख्ख्या बहिणीकडे जायला सर्जेरावांची परवानगी कशाला?”

“परवानगी नाही हो. हवा बघताहेत.”

“माझी लेक मिसबा तिकीट काढून देईल. विमानतळावर मी सोडते. तिकडे भाचा उभा राहील. कशाची हवा?”

“ह्यांना टाकून कशी जाऊ? आणि मी एकटी गेले तर समूह सवलत जाईल म्हणतात.”

नूरबानूंनी कपाळाला हात लावला आणि त्या आत गेल्या. सांगणाऱ्याचंही मत विचाराल तर द्वारकाबाईंनी त्या दिवशी जायला हवं होतं. नवऱ्यानं जेवायचं काय, हा प्रश्न त्यानं उपसमितीकडे नेला असता.

पुढचा टप्पा सर्जेरावांच्या सुपीक डोक्यातून निघाला. हवा बदलत नसेल तर सभासद बदलावेत, म्हणजे त्यांना दमटपणाची सवय लावावी. त्यासाठी सभागृहात ‘दमट सराव’ घेण्याचं ठरलं. एका मंगळवारी दुपारी खिडक्या बंद करण्यात आल्या, पंखे थांबवण्यात आले. चार शेगड्यांवर पातेल्यांत पाणी उकळत ठेवलं आणि वर एका सभासदाच्या सुनेचं इडलीपात्रही चढवलं, वातावरणनिर्मितीसाठी. नियम सोपा होता. तासभर बसायचं. जो उकाड्याबद्दल अवाक्षर काढेल तो प्रवासास अपात्र.

पहिल्या पाच मिनिटांत कोषाध्यक्ष अपात्र झाले. मग एकेक करत सगळे. काहींनी कायद्यात पळवाट शोधून तोंडानं न बोलता वर्तमानपत्रानं वारा घेतला, पण सर्जेरावांनी ती मूक तक्रार समजली. हिंमतराव अर्ध्या तासापर्यंत टिकले आणि मग घामेजलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, “हे पुण्यात शक्यच नाही.” हे विधान उकाड्याबद्दल की पुण्याबद्दल यावर थोडा वाद झाला. तेवढ्यात खुद्द अध्यक्षांनी “खिडकी उघडा हो” म्हणत सदऱ्याची बटणं सोडली.

तास संपला तेव्हा वाफेत एकट्या द्वारकाबाई बसल्या होत्या. त्या काही बोललेल्या नव्हत्या. त्यांच्या पदराचा काठ ओला झाला होता, एवढंच. आयुष्यभर एकाच खिडकीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटलेल्या बाईला हा सराव नवा नव्हता.

“मग मी जाऊ?” त्यांनी विचारलं.

सर्जेरावांनी नियम चाळले. “वहिनी, तुमचं अभिनंदन. पण पात्र सभासद एकच निघाला. त्यामुळे गणपूर्ती होत नाही.”

सराव रद्दबातल ठरला. सभासदांपैकी तिघांना सर्दी झाली आणि सभागृहाच्या छताचा रंग पोपडे धरून खाली आला. त्याची जबाबदारी चेन्नईच्या हवेवर टाकण्यात आली.

त्या आठवड्यात दत्तप्रसादचा आवाज बदललेला होता. “मावशी, आई आता फोन धरत नाही. कानाला लावला की घाबरते. तू समोर आलीस तर ओळखेल असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, अजून वाटतं.”

द्वारकाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी हिंमतरावांना ताट वाढून दिलं नाही. हिंमतराव हादरले. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी आवाज चढवला आणि विषय निकाली काढायला लावला. मंडळानं मोठ्या मनानं पुढच्या जानेवारीला मान्यता दिली. ‘पुण्याची थंडी पूर्वीसारखी राहिलेली नाही’ असा दुखवट्याचा ठराव आधी मांडण्यात आला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि मगच तिकिटं निघाली. अर्थात तो पुढचा जानेवारी यायला तेव्हा बरेच महिने बाकी होते.

आणि खरं सांगायचं तर हवा अप्रतिम निघाली. उपसमितीच्या परिश्रमांचं चीज झालं. मंडळी समुद्रकिनारी गेली आणि द्वारकाबाई, हिंमतराव दत्तप्रसादकडे. गॅलरीत गार वारा येत होता. हिंमतरावांनी सवयीनं मोबाईल काढला. “पंचवीस,” ते म्हणाले. “आणि घाम नाही. बघ, थांबलो ते बरं झालं की नाही?”

आक्का वेताच्या खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर स्वच्छ इस्त्रीची साडी. द्वारकाबाई खाली बसल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“आक्का, मी द्वारकी.”

आक्कानं त्यांच्याकडे पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं. मग हात हळूच सोडवून घेतले.

“बसा ना वर. कुठून आलात?”

“पुण्याहून.”

“हो का? माझी धाकटी बहीण राहते पुण्याला.” आक्काचा चेहरा उजळला. “यायची आहे ती माझ्याकडे. इथली हवा जरा बरी झाली की येणार आहे.”

द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. “येईल हो,” त्या म्हणाल्या, “नक्की येईल.” हिंमतरावांनी मोबाईल खिशात ठेवला आणि ते गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. त्या उत्तम हवेत त्यांना बराच वेळ आत येववलं नाही.

परतल्यावर सर्जेरावांनी सहल यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. हवेबाबत एकाही सभासदाची तक्रार आली नव्हती. हिंमतरावांनी राजीनामा दिला, तो तत्त्वतः स्वीकारण्यात आला.

आता राहिले आपण. इथपर्यंत वाचताना आपण सर्जेरावांना हसलात, द्वारकाबाईंसाठी हळहळलात, आणि तरी मनात एक प्रश्न घोळवत राहिलात, की मग चेन्नईला जायला नेमका कुठला आठवडा चांगला? जानेवारीचा तिसरा. लिहून ठेवा. आणि आपल्याला ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांना तोवर थांबायला सांगा.