हाउस्टनचे लेडबेटर

"तुमचं व्हर्साय फार सुंदर आहे, सर," पहिल्यांदाच जेवायला आलेला ट्रेंट लेडबेटर म्हणाला, आणि ग्रीसहॉपांच्या टेबलावरचे सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

"व्हर्सेल्स," नॉर्बर्ट ग्रीसहॉप म्हणाला. "व्हर्साय तिकडे फ्रान्सात. ओहायोत व्हर्सेल्स."

पोरगा तसा बरा होता. एकुलत्या एका लेकीनं, टेसानं पसंत केलेला, म्हणजे नाही म्हणायची सोयही नव्हती. जेवण झाल्यावर नॉर्बर्टनं त्याला गाडीत घातलं आणि सगळा मुलूख दाखवत शिकवणी सुरू केली. पाटीवर रशिया दिसलं तरी म्हणायचं रूशी. लिमाला लायमा. बारा मैलांवरच्या खेड्याची पाटी बघून ट्रेंट "ह्यूस्टन" असं वाचायला लागला, तेव्हा तर नॉर्बर्टनं गाडीच उभी केली.

"हाउस्टन. आधी हाउस, मग टन. इथे ह्यूस्टन म्हणालास तर लोक तुला पाणीसुद्धा विचारणार नाहीत."

मग त्यानं तिथला गावचा हॉल दाखवला, धान्याचं कोठार दाखवलं. बघण्यासारखं तेवढंच होतं. ट्रेंटनं प्रत्येक गोष्टीला "हो सर" म्हटलं आणि सगळी नावं पाढ्यांसारखी पाठ केली.

ट्रेंट मूळचा टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहराचा. पाटीवर दोन्ही नावं एकसारखीच लिहितात. दिवसभर इतक्या चुका काढून घेतल्यावर त्यानं मनाशी ठरवलं की सासऱ्यांपुढे आपल्या गावालाही त्यांच्याच पद्धतीनं हाक मारावी, म्हणजे म्हातारा खूश होईल.

संध्याकाळी टेसा आईबरोबर भांडी घासत होती, तेव्हा अंगणात नॉर्बर्टनं मुद्द्याला हात घातला. "आईवडील कुठे असतात तुझे?"

"हाउस्टनला, सर."

नॉर्बर्टनं कप खाली ठेवला. कोंबड्यांचं खाद्य विकण्यात त्याची हयात गेली होती. हाउस्टनमधल्या कुत्र्यांचीसुद्धा नावं त्याला येत होती, आणि त्यांच्यात लेडबेटर कुणी नव्हतं.

"वडील काय करतात?"

"बंदरात आहेत, सर. जहाजांवरचा माल उतरवून घेतात."

हाउस्टनमध्ये एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यातून बदकं चालत जात.

"राहतात कुठे?"

"बाराव्या मजल्यावर."

धान्याच्या कोठाराहून उंच तिथे काही नव्हतं, आणि कोठाराच्या वर कबुतरं राहत. नॉर्बर्टनं खडा टाकून बघितला. "मग उद्याच बोलाव की त्यांना जेवायला."

"उद्या कसं जमेल, सर? आईला विमानाची भीती वाटते. गाडीनं यायचं तर दोन दिवस लागतात."

"दोन दिवस? रांगत येणार आहेत का?"

ट्रेंट मनापासून हसला. सासरे विनोदी निघाले म्हणून त्याला बरं वाटलं.

नॉर्बर्ट मात्र हवालदिल झाला. पोरगी खोटारड्याच्या हाती लागली, या विचारानं दुसऱ्या दिवशी त्याला न्याहारीही गेली नाही. तो तडक हाउस्टनला गेला आणि कोठारावरच्या रे पॉपलमनला विचारलं, "इथे लेडबेटर म्हणून कुणी आहेत? बंदरात कामाला?"

रेनं त्याला नीट निरखून बघितलं. "नॉर्ब, डॉक्टरांना दाखवलंस का?"

झालं. नॉर्बच्या होणाऱ्या जावयाचे आईबाप कोठाराच्या टोकावर राहून ओढ्यातली जहाजं उतरवतात, ही बातमी दुपारपर्यंत हाउस्टनभर झाली. घरी येऊन नॉर्बर्टनं बायकोला बजावलं की हे लग्न होणार नाही. पोरगा एक तर थापाड्या आहे, नाहीतर त्याच्या डोक्यात बिघाड आहे.

मार्लीननं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "टेक्ससचा आहे तो. टेसानं कधीच सांगितलं होतं. तू तेव्हा मॅच बघत होतास."

"पण तो हाउस्टन म्हणाला."

"कुणी शिकवलं त्याला?"

नॉर्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून कुणाचा उच्चार सुधारायचा नाही. लेडबेटरांशी तर त्यांच्याच पद्धतीनं बोलायचं. आणि आपण पोराची जिथे अब्रू घालवली, तिथेच व्याह्यांना मानानं जेवायला घालायचं, गावच्या हॉलात, रे पॉपलमनच्या डोळ्यांदेखत.

त्यानं ट्रेंटच्या वडिलांना स्वतः फोन लावला आणि जिभेला शिस्त लावून आमंत्रण दिलं. "हॉलिसराव, येत्या रविवारी बारा वाजता जेवण. ह्यूस्टनला. आमची झाडून सगळी माणसं असतील."

"ह्यूस्टनला?" हॉलिस लेडबेटर चकित झाले. "एवढी सगळी माणसं घेऊन? अहो, लांब पडेल तुम्हाला."

"कसलं लांब? आमचं येणं-जाणं असतंच."

"माझ्या बायकोवर उपकार केलेत. गाडीत दोन दिवस बसायचं म्हणून तिची पाठ आत्तापासूनच धरली होती."

उपकार कसले, ते नॉर्बर्टला कळलं नाही. पण दक्षिणेकडची माणसं गोड बोलतात, असं तो ऐकून होता. पत्ता ट्रेंटला ठाऊक आहेच, असं हॉलिस म्हणाले. आहेच की, नॉर्बर्ट म्हणाला, मीच दाखवलाय. यावर हॉलिस थोडे गोंधळले, पण व्याह्यांना पहिल्याच फोनवर काय विचारणार?

ट्रेंटनं शुक्रवारी घरी फोन केला. सगळं ठरलंय, मी तयारीतच आहे, असं आई म्हणाली. ते निघालेच, असं धरून तो निश्चिंत झाला.

रविवारी हाउस्टनचा हॉल भरला. तळलेल्या कोंबडीच्या परातीच्या पराती मांडल्या गेल्या. बारा वाजले, एक वाजला. वडील गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, असं ट्रेंट प्रत्येकाला सांगत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज आणखी बारीक होत होता. टेसाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. रे पॉपलमननं खिडकीतून ओढ्याकडे बघत हळूच विचारलं, "जहाज अडकलं का कुठे?"

"ते येणार आहेत," नॉर्बर्ट म्हणाला. "माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला.

"काय नॉर्बर्टराव, कुठवर आलात?" हॉलिसांच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता. "मांस भट्टीवरून उतरवलंय. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणून ठेवल्यात. हिनं तर सकाळपासून दारच लावलेलं नाही."

नॉर्बर्टनं एकदा कोंबडीकडे बघितलं आणि एकदा ट्रेंटकडे.

"हॅलो? अजून किती वेळ लागेल तुम्हाला?"

"गाडीनं ना?" नॉर्बर्ट म्हणाला. "दोन दिवस."