तीन दिवसांचं राज्य

मे महिन्यात तीन दिवस आमच्या चौकाचं राज्य शिवाप्पा मामांच्या हातात असतं. हे मी उपहासानं म्हणत नाही. ऊन चढायच्या आत हा ऐंशीच्या घरातला माणूस पांढरी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून चौकाच्या मधोमध उभा राहतो आणि हात आडवा करतो. रिक्षा, ट्रॅक्टर, शेळ्यांचा कळप, नगरसेवकाची गाडी, सगळ्यांना हात सारखाच. नगरसेवकाच्या गाडीला जरा जास्त वेळ.

"थांबा की," मामा म्हणतात, "राज्य बदललंय."

सोलापूरच्या पोरांना हे शाळेत सांगितलेलं असतं, बाहेरच्यांसाठी लिहिते. देश स्वतंत्र व्हायच्या कितीतरी वर्षं आधी, अशाच एका मे महिन्यात इथं गोळीबार झाला, लोक चिडले आणि पोलीस गाव सोडून गेले. तीन दिवस गाव लोकांनीच चालवलं. स्वयंसेवक चौकाचौकात उभे राहून वाहतूकसुद्धा बघत होते. मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला, पांढरी टोपी घातली म्हणून माणसं आत गेली, पुढे चौघांना फाशी झाली. या सगळ्यावर आमच्याकडे दरवर्षी भाषणं होतात. भाषण करणारा हार घालतो, खाली उतरतो आणि आपली गाडी फुटपाथवरून काढतो. मामा भाषण करत नाहीत. मामा राज्य करतात.

पंधरा ऑगस्टला मात्र ते दुपारपर्यंत झोपतात. विचारलं तर म्हणतात, "ते दिल्लीवाल्यांचं. आपलं आधीच झालंतं."

त्यांचं राज्य नुसतं हात दाखवण्यापुरतं नसतं. दोन वर्षांमागं एका रिक्षावाल्यानं चिडवलं, "मामा, राज तुम्हारा है तो ये खड्डा भी बुजाव ना." रिक्षावाला हसत निघून गेला. तासाभरानं परत आला तर मामा घमेल्यानं मुरूम ओतत होते. "आपलं राज्य, आपला खड्डा," एवढंच म्हणाले, आणि त्याला रिक्षातून उतरवून फावडं हातात दिलं. तो खड्डा पालिकेनं भरलेल्या खड्ड्यांपेक्षा जास्त टिकला. याचा मी तेव्हाच जाहीर निषेध केला होता. मामांचा नव्हे, पालिकेचा.

नळावरची भांडणंही त्या तीन दिवसांत मामाच मिटवतात. निकाल एकच असतो: जो जास्त ओरडला त्याची घागर शेवटी. नगरसेवकाच्या वहिनी एकदा सगळ्यांत जास्त ओरडल्या. त्यांच्या घागरीपर्यंत पाणीच आलं नाही. गल्ली आठवडाभर खूश होती.

तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की मामा शिट्टी काढून खिशात घालतात आणि स्वतःच स्वतःवर मार्शल लॉ लावतात. टोपी पेटीत जाते. आठ-दहा दिवस ते भिंतीच्या कडेकडेनं चालतात, दिवेलागणीला दार लावून घेतात आणि बूट घातलेल्या कुणालाही वाकून सलाम करतात. कुरिअरचा पोरगा पहिल्या वर्षी घाबरून पळाला होता. आता तोही सलाम घेतो.

मी आमच्या पाणी समितीची पत्रकं लिहिते. 'प्रशासन झोपा काढते काय?' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं ते आता मला सांगता येणार नाही. प्रशासन झोपा काढतं, हे प्रशासनासकट सगळ्यांना माहीत आहे. पाणी चार दिवसांआड येतं आणि आम्ही चार दिवसांआड निवेदन देतो. साहेब निवेदन घेतात, फोटो होतो, चहा येतो. चहाला मात्र त्यांच्याकडे पाणी असतं. मी थकले आहे. लिहिताना 'संतप्त' लिहिते, कारण 'थकलेल्या नागरिकांचा मोर्चा' असं कुणी छापत नाही.

म्हणून या वर्षी मला वाटलं, मामांना पुढे घालावं. त्यांच्या तीन दिवसांतच धरणं धरायचं, त्यांना मधोमध बसवायचं. पत्रकात मी त्यांच्या नावापुढे 'स्वातंत्र्यसैनिकाचे सुपुत्र' असं लिहिलं. गल्लीत सगळे तेच समजत होते: बाप त्या तीन दिवसांत या चौकात उभा होता, म्हणून मुलगा उभा राहतो. मामांनी चष्मा लावून पत्रक वाचलं, माझ्याच पेननं ती ओळ खोडली आणि कागद परत दिला.

"मागण्या कुणाकडं हायेत?"

पालिकेकडे, मी म्हटलं.

"तीन दिवस पालिका म्हंजी आपण. आपणच आपल्याला मागायचं व्हय? ह्या तीन दिवसांत निवेदन न्हाय. नंतर दे."

मला राग आला. मी म्हणाले, मामा, हे तुमचं नाटक आहे, आम्ही खरं आंदोलन करतोय. मामा रागावले नाहीत. मोठ्या आवाजात बोलले फक्त. गिरणीच्या खडखडाटात कान गेलेली माणसं अशीच बोलतात.

"व्हय, नाटक हाय की. आन् त्या साहेबाबरोबर तू च्या पितीस, ते?"

धरणं झालं नाही.

त्यात या वर्षी आणखी एक अडचण होती. मार्चमध्ये मामांना दोनदा चक्कर आली. त्यांची मुलगी सुवर्णाताई पुण्याला असते. तिनं ठरवलं की बाबांना आता कायमचं तिकडे न्यायचं. मामा एकटेच राहतात, तिचं काही चुकत नव्हतं. मामांनी एकच अट घातली: तीन दिवस होऊ दे, तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की गाडीत बसतो. ही अट ते ज्याला त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितलं, मेडिकलवाल्याला सांगितलं, मला तर रोज सांगायचे. तिसरा दिवस पुरा व्हायला पाहिजे. मधूनच न्यायचं न्हाय. हट्टी म्हातारा, असं म्हणून सगळे हसायचे. मीही हसले.

पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी दुपारी डांबर पायाला चिकटत होतं. मी मोर्चाच्या परवानगीसाठी चकरा मारून परत येत होते. लांबून बघितलं तर मामांचा आडवा हात आडवा राहिलेला, आणि माणूस मात्र हळूहळू कलत चाललेला. मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि बंद झेरॉक्स दुकानाच्या पायरीवर बसवलं. अंग तापलं होतं. मला वाटेल ते बोलायचं होतं आणि मी बोललेही. कशासाठी हे? कोण बघतंय? तुमच्या वडिलांनी एकदा केलं, झालं की, तुम्ही कशाला मरताय?

मामा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "आप्पा नव्हते चौकात."

आप्पा म्हणजे मामांचे वडील.

"ड्यूटी लावलीती त्यांना. ह्याच चौकात. गेले न्हाईत. आक्काला देवी आल्याता."

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, तेव्हा वर्षाची होती. आई माहेरी वळसंगला आजारी पडून होती. देवीचे फोड आलेलं पोर दुसऱ्या कुणाच्या हाती देता येत नव्हतं. सगळं गाव रस्त्यावर उतरून स्वतःचं राज्य चालवत होतं, आणि आप्पा खोलीत बसून तीन दिवस लेकीला लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आक्का वाचली. गाव परत इंग्रजाचं झालं."

पुढे जन्मभर गिरणीत आप्पांना टोमणे बसले: गाव पेटलं तेव्हा तू कुठं दडला होतास? आप्पांनी कधी सांगितलं नाही की पोर आजारी होती. आपल्यामुळं बापाला ऐकून घ्यावं लागतं हे पोरीला कळू नये म्हणून. ते गेल्यावर कुणीतरी तिला सांगितलंच. तेव्हापासून आक्का एकच म्हणायची, माझ्यापायी आप्पांचा खाडा पडला.

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. कायम कामगाराचा खाडा पडला की गेटवर ताटकळणाऱ्यांतला एक जण आत घ्यायचे, तो बदली. मामा स्वतः गिरणी बंद पडेपर्यंत बदलीच राहिले, कायम कधी झाले नाहीत. दुसऱ्याचा खाडा भरणं हे एकच काम त्यांना नीट शिकवलेलं होतं.

"म्हणून मी आप्पांचा बदली लागलो," मामा म्हणाले. "आक्का येऊन बसायची बघत. काय बोलायची न्हाय. तिसऱ्या दिवशी सांजच्याला घरी जाऊन पोटभर जेवायची."

आक्का जाऊन चार वर्षं झाली. मग आता कोणासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"ती गेली. खाडा हाय की अजून."

मी मान वर केली तर सुवर्णाताई उभी होती. संध्याकाळी येणार होती, काळजीनं दुपारीच निघून आली. गाडी चालू ठेवून, दार उघडं टाकून ती आमच्या मागं येऊन थांबली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं मला पूर्वी एकदा सांगितलं होतं की शाळेत असताना मे महिन्यात ती या चौकातून जायचीच नाही, मैत्रिणी हसायच्या म्हणून.

तिला बघून मामा उठायला लागले. मी एक खांदा दाबला, तिनं दुसरा.

"दिवस मावळायचाय अजून," मामा म्हणाले. लहान मुलासारखे आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. तिकडे चौकात एक टेम्पो आणि दोन रिक्षा एकमेकांत शिरून हॉर्न वाजवत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तू लाग की बदली."

मी आजवर शेकडो पत्रकं वाटली, घोषणा देऊन घसा बसवला, एकदा पोलीस गाडीतही बसले. पण आता चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, तर कुणाकडे काहीही न मागता नुसता हात आडवा करणं मला जमत नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, "मरायचंय का बाई?" आणि माझ्या ओढणीला वारा देऊन गेला. दुसऱ्यानं तर बघितलंही नाही. ऊन डोक्यात शिरत होतं. मी हात खाली घेतला नाही. मग एक मोटारसायकल थांबली. तिच्यामागं एक रिक्षा, कारण तिला पुढे जायला जागाच राहिली नाही.

मी वळून बघितलं. गाडीचं इंजिन बंद झालं होतं. सुवर्णाताई ऑफिसच्या कपड्यांत तशीच त्या धुळीच्या पायरीवर बसली होती आणि ओला रुमाल बापाच्या कपाळावर धरून माझ्याकडे बघत होती. मामा माझ्याकडे बोट करून तिला काहीतरी समजावत होते. एवढ्या हॉर्नमधूनही मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"बदलीची हाय," मामा सांगत होते. "नवीन हाय. शिकंल."