मन्मथप्पांची डबल बेल

मन्मथप्पांचा फोन उचलणं हा आमच्या गल्लीत गुन्हा आहे. तो वाजू द्यायचा, किती वेळा वाजला ते मोजायचं आणि गप्प बसायचं. मी बदली होऊन अहमदपूरला आलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी म्हणून अप्पांनी माझा नंबर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. मी सभ्य माणसासारखा उचलून ‘हॅलो’ म्हणालो. पलीकडून फोन बंद. पाच मिनिटांत अप्पा धोतराचा सोगा सावरत माझ्या दारात.

“सर, उचललाव कामून?”

“तुम्हीच केलात ना फोन?”

“फोन कुठं केलो? बेल दिलो. बेल वाजल्यावर डायवर मागं येऊन इचारतो का, काय म्हणलाव म्हणून?”

अप्पा एसटीत कंडक्टर होते. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे सगळं ठीक आहे, जाऊ दे. एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली. पुढे फोन आले, मिनिटामिनिटाला पैसे पडू लागले आणि सगळा देश एकमेकांना मिसकॉल द्यायला लागला, तेव्हा अप्पांना वाटलं की आता कुठे जग शहाणं झालं. मग बोलणं स्वस्त झालं. देश बोलत सुटला. अप्पा मात्र आपल्या बटणाच्या फोनसह त्याच थांब्यावर उभे राहिले.

गल्लीनेही त्यांची भाषा निमूटपणे शिकून घेतली. सिंगल बेल आली की दूधवाला दारात थांबतो. डबल आली की आज दूध नको, पुढे जा. बाजाराला निघताना मला सिंगल येते. म्हणजे थांबा, मी पण येतो. मी पडलो प्राध्यापक. पन्नास मिनिटांच्या आत मला काही सांगताच येत नाही. अप्पांसोबत बाजार करून आलो की माझी बायको म्हणते, “आज घसा बरा दिसतोय तुमचा.”

आता आमच्या गल्लीत फोन नाही असं माणूस नाही, आणि दर दिवाळीच्या सेलला तो बदलला नाही असंही कुणी नाही. भाजीवालीच्या टोपलीला चौकोनी कोड लटकतो. सोयाबीनचा भाव मोंढ्यात पोचण्याआधी खिशात पोचतो. बायका साड्या फोनवर मागवतात आणि पार्सलवाला आला की अर्धी गल्ली ती साडी चोळून बघायला जमते. चहाच्या टपरीवरचं डबडं किती रुपये मिळाले ते मोठ्यांदा सांगतं. अप्पांचा त्या डबड्यावर फार राग. “आपण चा पिलाव हे गावाला कशाला सांगायलंय ते?”

रिचार्जवाल्याशी त्यांचं भांडण तर दर महिन्याला ठरलेलं. त्यांना हवा बेलपुरता रिचार्ज, आणि तसा काही मिळत नाही.

“अनलिमिटेड बोला म्हणं. येवढं बोलायचं कुणासंग?”

हे ऐकून आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, याचं आता मला वाईट वाटतं.

सकाळचा मात्र एक प्रकार मला उलगडत नव्हता. सात वाजता अप्पा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसत. काकू शेजारी चहा आणून ठेवत. अप्पा कुठेतरी डबल बेल देत आणि फोन मांडीवर ठेवून बघत राहत. मिनिटाभरात तिकडून डबल बेल येई. मगच चहा बशीत ओतला जाई.

“कोण आहे हो?” एकदा मी चिडवायला विचारलं.

“डेपो,” ते म्हणाले. “हजेरी लावायलो.”

आणि एके दिवशी तो बटणाचा फोन हौदात पडला. दुकानदाराने तो हलवून पाहिला, त्यातून पाणी गळलं आणि त्याने मान हलवली. लातूरहून लेकीने सांगितलं, “बाबा, आता नवाच घ्या. मी मागवते.” तिने ॲपवरून स्मार्टफोन मागवला. परवा पोचेल म्हणाली.

आज आलं काय अन् परवा आलं काय, मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सात वाजता अप्पा रिकाम्या हाताने ओट्यावर बसले आणि चहा तसाच निवला. तिसऱ्या दिवशीही निवला. मला राहवलं नाही. शेजारी जाऊन बसलो.

“अप्पा, डेपोत माझ्या फोनवरून कळवू का?”

त्यांनी निवलेली कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “डेपो न्हाई ओ सर. भाऊ हाय माझा. काशिनाथ. हिमायतनगरला दुकान हाय त्याचं.”

नऊ वर्षांपूर्वी लेकीचं लग्न होतं. पत्रिकेतल्या नावांची यादी अप्पांनीच केली. आत्या, मावसभाऊ, चुलत साडू, सगळे तिच्यात आले. सख्ख्या भावाचंच नाव राहिलं. “घरचाच माणूस. त्याचं नाव काय लिहायचं असतंय, असं वाटलं बघा.” काशिनाथ भर मांडवात म्हणाला, आजपासून तुझा-माझा शब्द बंद, निरोपसुद्धा नाही. अप्पा म्हणाले, बंद तर बंद. दोघांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. आता तो शब्द मोडायचा कसा?

तीन वर्षं सगळं बंद होतं. मग अप्पा आजारी पडून लातूरला दवाखान्यात होते. एका सकाळी उशाखालचा फोन दोनदा वाजला आणि थांबला. नंबर काशिनाथचा.

“बोलायचं न्हाई असं ठरलं हुतं,” अप्पा म्हणाले. “बेल द्यायची न्हाई असं कुठं ठरलं हुतं?”

तेव्हापासून रोज सात वाजता. माझी गाडी चालू आहे. माझीही चालू आहे. बस, एवढंच.

“माझ्या फोनवरून मी बोलतो की त्यांच्याशी,” मी म्हणालो.

“त्यो निरोप हुतंय. अन् तुमच्या नंबरची नुसती बेल त्याला काय कळणार?” मग हळूच म्हणाले, “दोन दिवस झाले सर. काय समजला आसंल त्यो?”

पार्सल संध्याकाळी आलं. जुनं सिमकार्ड दुकानातून कापून आणलं, मी नंबर भरले, ॲप टाकली. सकाळी सातला अप्पांनी आधी फोनला भस्माचं बोट लावलं. काकू चहा घेऊन आल्या. मी काशिनाथचं नाव काढून दिलं आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. पण तिकिटांचा पंच दाबून दाबून रुंद झालेला तो अंगठा. तो शेजारच्या कॅमेऱ्याच्या खुणेवरही पडला आणि व्हिडिओ कॉल लागला.

आणि तिकडे दोन दिवस जीव टांगणीला लागलेला काशिनाथ फोन हातात धरूनच बसलेला. नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. पहिल्या बेललाच उचलला.

काचेत एक टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस दिसला. कपाळावर तसंच भस्म. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले, तो अप्पांकडे. मी कुजबुजलो, “बोला की अप्पा.” त्यांनी बोट ओठांवर ठेवून मलाच गप्प केलं.

काशिनाथ तिकडे चष्मा काढून डोळे पुसत होता. मग तो उठून गेला. अप्पांचं तोंड उतरलं. पण तो परत आला, हातात स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन. पेला त्याने फोनजवळ धरला आणि त्यावर चमचा वाजवला. टिंग टिंग.

डबल बेल. सगळं ठीक आहे, जाऊ दे.

मग ठरल्याप्रमाणे फोन बंद करायला त्याने अंगठा पुढे आणला. अप्पांनी घाईने काकूंच्या हातातला चहाचा चमचा ओढून घेतला आणि बशीवर मारला. एकदाच.

तिकडचा अंगठा तिथेच थांबला.