नेवाडाची खरी अर्थव्यवस्था

आगाशेकाकांकडे जेवताना मीठ मागितलं, तरी ते नेवाडात पोचायचे. "मीठ? अरे, तिकडे आख्खी तळी वाळून मीठ झालंय!" मीठ मात्र काकांच्याच हातात राहायचं आणि आपण अळणी आमटी भुरकत ऐकायचं.

काका सनीव्हेलला आमच्या शेजारी राहत. अर्धा जन्म पुण्यात गेला, अर्धा कॅलिफोर्नियात, आणि अभिमान मात्र शेजारच्या राज्याचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद हातावर पडायच्या आत त्यांचा भूगोल सुरू व्हायचा. "तिथली नदी समुद्राला जात नाही, बरं का. तिथंच जिरते. स्वाभिमानी नदी!" मग इतिहास. चांदी सापडली, गावं वसली. चांदी संपली, गावं ओस पडली. हे सांगताना काका असे हळहळायचे, जणू तिथे त्यांचाच फ्लॅट अडकला होता.

शेवटी अर्थव्यवस्था. ती काकांच्या मते निव्वळ खाणींवर चालायची.

"आणि कॅसिनो, काका?" मी एकदा विचारलं.

"ते किरकोळ!" काका कडाडले. "खरा पैसा सोन्याच्या खाणीत. आमचा निनाद उगाच आहे का मायनिंगमध्ये?"

निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा. खाणीत तो इतका खोल उतरला होता, की कित्येक वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. त्याचा विषय निघाला, की काकू गॅस बघायला उठायच्या.

२००६च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी नेवाडातल्या लास व्हेगसला गेलो, तर कॅसिनोत एका स्लॉट मशीनसमोर साक्षात आगाशेकाका! मला कोण आनंद झाला. मंडळाला वर्षभर पुरेल इतका मसाला हाती लागला होता. मागून जाऊन मी म्हटलं, "काय काका, खाण कशी चाललीय?"

काकांनी वळूनही पाहिलं नाही. मशीनला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. "बस," ते म्हणाले. "समोर बघ."

समोरच्या टेबलावर काळ्या जाकिटातला निनाद पत्ते वाटत होता.

"इंजिनिअरिंग सोडून हे धरलंन. मी सगळ्यांना मायनिंग सांगत सुटलो. त्याला कळलं. म्हणाला, 'यू आर अशेम्ड ऑफ मी, बाबा. डोन्ट कॉल.' तेव्हापासून बोलत नाही."

"मग त्याच्या टेबलावर जाऊन बसा की."

"घरच्यांना अलाउड नाही रे." काकांनी मान उंचावली. "पण हात बघ, काय सफाईनं चालतो!"

एवढ्यात निनादची पाळी संपली. उठताना त्यानं टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे उघडून, उलटसुलट करून दाखवले. हातात काही लपवलेलं नाही, हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायची तिथल्या सगळ्याच डीलरांची रीत असते.

काकांनी घाईघाईनं हात वर करून हलवला.

"दर वेळी करतो," ते हळूच म्हणाले. "बोलत नाही, पण जाताना मला अच्छा करतो."

नेवाडाची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट ठाऊक नव्हती. मीही हात वर केला आणि निनादला अच्छा केलं.