एका घरात दोन कंपन्या

मंगळवेढ्याच्या रानात चनमल्लप्पा बिराजदारांनी उभ्या जन्मात एकाच कंपनीचं बियाणं पेरलं नाही. अर्ध्यात एकीचं, अर्ध्यात दुसरीचं. एकीनं दगा दिला तरी दुसरी उगवतेच, असा त्यांचा सिद्धांत. कोरोनाची लस आली तेव्हा जुळे सोलापूरच्या फ्लॅटात बसून त्यांनी तोच लावला. पहिल्या डोसाला स्वतः पुण्याची लस टोचून घेतली, बायकोला हैदराबादची घ्यायला लावली.

"दोघांतलं एक तरी टिकंल," ते ऐटीत म्हणाले.

"अन् दुसरं?" दाक्षायणीबाईंनी विचारलं. "मोडून टाकायचं व्हय?"

जूनमध्ये त्या गेल्या. किडनीचं जुनं दुखणं. लसीचा त्यात काही संबंध नव्हता. मग रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, गॅसच्या पुस्तकावरून गेलं. चनमल्लप्पांनी फक्त त्यांचा फोन रोज चार्ज केला. दोघांची नोंदणी त्यावरच होती.

एक दिवस त्यावर मेसेज आला : दुसरा डोस बाकी आहे. आता बाकी म्हणजे आपणच, असं धरून ते केंद्रावर गेले.

"बिराजदार?" टेबलावरच्या मुलीनं विचारलं.

"व्हय."

"कोड?"

त्यांनी फोनवरचा वाचून दाखवला. तोंडाला मास्क, मागं रांग. सुई टोचून झाली, ते खुर्चीत टेकले आणि फोन वाजला : 'अभिनंदन, दाक्षायणी बिराजदार. आपले दोन्ही डोस पूर्ण झाले.'

केंद्रावर धावपळ उडाली. डॉक्टर आले, नाडी बघितली. "घाबरू नका काका, तासभर बसा. फक्त दोन कंपन्या एका अंगात गेल्यात."

"एका घरात होत्याच की."

"ही नोंद मात्र रद्द करू. काकूंच्या मृत्यूचा दाखला आणा."

चनमल्लप्पा फोनकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ द्या. एवढ्याच ठिकाणी उरलीय."

"मग कागदावर तुमचा एकच डोस राहील."

"आमचं अर्धंच हाय आता."

तेव्हापासून महापालिकेची बाई दर आठवड्याला फोन करते. "काका, दुसरा डोस कधी घेताय? घरात कुणाचे पूर्ण झालेत का?"

"बायकोचे झालेत की."

"मग त्यांनाच सांगा, हाताला धरून न्यायला."

"रोज सांगतोय," चनमल्लप्पा म्हणतात. "ऐकतीय कुटं."