रंगाचा दुसरा हात

आमच्या शेजारचे गफूरचाचा मुलाचं पत्र वाचण्याआधी रंगवायचे. पनवेलच्या बाजारात त्यांचं रंगाचं दुकान होतं, त्यामुळे असेल. पण पांढऱ्यावर काळं नुसतं वाचणं त्यांना जमायचंच नाही.

मुलगा इम्रान दुबईत प्रोग्रामर. जाताना त्याने घरच्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम लिहायचा कोड एडिटर तसाच ठेवला होता. त्यात ईमेल चिकटवली की नाव, तारीख, विषय वेगवेगळ्या रंगांत दिसत. कशाला कुठला रंग, हे नियमांच्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. चाचांना हे कळलं, मीही प्रोग्रामर आहे हेही कळलं, आणि माझे रविवार संपले.

"इम्रानचं काम खरवडू नको बेटा. वरून फक्त दुसरा हात मार."

म्हणजे त्याचे नियम तसेच ठेवून मी माझे जोडायचे. कुठला शब्द रंगवायचा? तर 'ठीक'. आणि लाल!

मला काही उमगेना. आम्हा प्रोग्रामरांकडे लाल रंग चुकीला असतो. तरी नियम लिहिला, तर 'ठीकठाक' अर्धंच लाल झालं. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पॅच दिसतोय." तो बुजवला, तर पुढच्या रविवारी 'मजेत' आणि 'काळजी नको' हेही लाल हवं झालं. मी वैतागलो.

"चाचा, चांगल्या शब्दांवर एवढा राग का?"

"गेल्या साली त्याची नोकरी गेली होती. चार महिने मला दर पत्रात सगळं ठीक, सगळं मजेत. मी खूश! तिकडेच असलेल्या मोहल्ल्यातल्या दुसऱ्याच्या पोराकडून कळलं. आता लाल जास्त दिसलं, की मी फोन करतो."

माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात त्यांनी इम्रानला लिहिलेलं उत्तर उघडलं. ते त्याच एडिटरमध्ये टाइप करायचे, मी ईमेलने पाठवायचो. गुरुवारी मीच त्यांना हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

'तब्येत ठीक. दुकान ठीक. मी मजेत. काळजी नको.'

सगळा स्क्रीन लाल. चाचा बघतच राहिले.

"हा रंग तिकडे जातो का रे?"

"नाही चाचा. तिकडे नुसती अक्षरं जातात."

"मग पाठव," म्हणाले आणि दुकान उघडायला निघून गेले.

 पाठवायचं बटण काही माझ्याने दाबवेना.