एल्डनच्या हातची काडतुसं

वर्लाने ओव्हनचं बटण दाबलं आणि दाराला आपोआप कुलूप लागलं, तेव्हा एल्डन मागच्या अंगणात मेव्हण्याशी फोनवर दारूच्या मापाबद्दल वाद घालत होता. बंदुकीच्या दारूच्या. दुसरी त्यांच्या चर्चला चालत नाही, त्यामुळे त्या घरात कधी आलीच नव्हती.

शेतात बिळं पाडणाऱ्या खारी टिपायला इकडे घरोघरी बारीक नळीची बंदूक असते. पण एल्डनला खारींशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, दारू कणाकणाने तोलायची, गोळी बसवायची आणि कागदावर भोकं पाडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, एवढाच त्याचा संसार. तो चालायचा धुण्याच्या खोलीत, आणि तीच खोली वर्लाला शिवणयंत्रासाठी हवी होती. शेवटी तोड निघाली. शनिवारी क्लबच्या नेमबाजीत एल्डनच्या हातच्या पाच गोळ्यांची भोकं एका डाइमच्या, म्हणजे दहा सेंटच्या नखाएवढ्या नाण्याखाली झाकली गेली, तर खोली त्याची. नाहीतर त्याचं टेबल गोठ्यात.

फोन ठेवून तो आत आला. "ओव्हन कशाला लावलास?"

"साफ होतोय. आतलं सगळं जाळून राख करतो म्हणे. तीन तास दार उघडायचं नाही."

हिवाळाभर निवडलेल्या सगळ्या पुंगळ्या एल्डनने धुऊन, मंद आचेवर वाळवून ओव्हनमध्येच ठेवल्या होत्या. एवढ्या भडक्यात पितळ मऊ पडतं. तसली पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे स्वतःच्या नाकाला फटाका बांधायचा. तो ओव्हनसमोर फतकल मारून बसला.

"काय करतोयस तिथे?"

"शेकतोय."

"मे महिन्यात?"

"सांधे धरलेत."

"मग धरलेले सांधे घेऊन तिकडे सरक. फरशी पुसायचीय."

पुंगळ्या बाहेर आल्या त्या जांभळ्या-काळ्या होऊन. एल्डनने टोपी डोळ्यांवर ओढली आणि शेजारच्या गावातल्या दुकानातून तयार काडतुसं आणली. दुकानदाराला "पुतण्यासाठी" असं न विचारताच सांगितलं. स्वतः काडतुसं भरणाऱ्याने ती विकत आणायची, म्हणजे सुगरणीने पाहुण्यांना हॉटेलची भाजी वाढायची. त्याने ती आपल्या जुन्या पिवळ्या डबीत ओतली आणि दुकानाचा खोका चुलीत घातला.

शनिवारी त्याने पाच बार काढले. मेव्हणा रुलन दुर्बिणीतून बघत म्हणाला, "एल्डन, लेका, एकच भोक दिसतंय. बाकीच्या चार गेल्या कुठे?"

कागद आणला. बाकीच्या चार त्याच भोकातून गेल्या होत्या. वर नाणं ठेवलं तर कडेला जागा उरली. एवढी नेमकी गोळी एल्डनच्या हातून जन्मात गेली नव्हती. त्याला आनंदाने नाचावंसंही वाटलं आणि धाय मोकलून रडावंसंही.

"दारू किती घातलीस?" रुलनने विचारलं.

"अंदाजाने."

"तू आणि अंदाजाने? कणभर इकडेतिकडे झालं तर जेवत नाहीस तू."

"एका टप्प्यानंतर हाताला कळतं रे."

गर्दीत उभ्या असलेल्या चर्चच्या बिशपनी मान डोलावली. "मला दोनशे भरून दे," रुलन म्हणाला. "तुझ्याच हातची हवीत."

गाडीत वर्ला एवढंच बोलली, "खोली तुझी. शब्द म्हणजे शब्द."

बंदूक कपाटात ठेवून तो खोलीत गेला, तर टेबलावर शिवणयंत्र खडखडत होतं.

"हे काय?"

"तुला आता टेबल कशाला लागतंय? काडतुसं तर दुकानात मिळतात." वर्लाने मान वर केली नाही. "ओव्हनला काच आहे, एल्डन. कुलूप लागल्यावर मला दिसल्या पुंगळ्या. जीव चुटपुटला माझा. म्हटलं, कबूल करतो की काय करतो, बघू."

एल्डन धपकन स्टुलावर बसला. "रुलनला सांगणारेस?"

"वेडा आहेस का? माझ्या भावाने तीस वर्षांत पहिल्यांदा तुझं कौतुक केलंय." तिने दोरा तोडला आणि एक छोटी कापडी पिशवी त्याच्यापुढे धरली. तिच्यावर लाल दोऱ्याने नीट भरलं होतं, 'एल्डनच्या हातची'. "दोनशेसाठी अशा दहा पुरतील ना?"

एल्डनने पिशवी उलटसुलट करून पाहिली. टाके अगदी एकसारखे पडले होते.

"बारा कर," तो म्हणाला. "बिशपनाही हवीयत."